एकोणीस पुरस्कारांचा बॅनर

बाळकुम नाक्यावर अजून सांगतात, की कृतिका नावाच्या एका पोरीने विनीतच्या अभिनंदनाचा बॅनर जाळला. का जाळला? तर म्हणे त्यावर विनीतचा फोटो दरवाजाएवढा होता आणि तिचा पासपोर्ट साइझचा. नाक्यावरचा पानवाला याला वरून फोडणी देतो, "रॉकेल घेऊन आलेली, रिक्षातून. या डोळ्यांनी बघितलं." ठाण्यात आता रॉकेल मिळतं कुठे, हे त्याला कोणी विचारत नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये तीच गोष्ट जरा इस्त्री करून येते: "शी इज सो जेलस ना, यार."

सगळं खोटं. बॅनर जळला नाही, फाटलासुद्धा नाही. तो आज वागळे इस्टेटमध्ये एका स्कूटरवर पांघरलेला आहे, छापील बाजू आत आणि पांढरी बाजू बाहेर. ज्याला खात्री करायची असेल त्याने कोपरा उचलून बघावा, विनीतचा गॉगल दिसेल. आणि आपला फोटो लहान आहे याचा राग कृतिकाला कधी आलाच नव्हता. आपला फोटो मुळात तिथे का आहे, याचा आलेला. आणि जिचा हवा होता तिचा नाही, याचा.

तिच्या रागाबद्दल आधीच सांगायला हवं, कारण पुढे तोच आहे. बाकीच्यांचा राग चढला की आवाज चढतो. कृतिकाचा राग चढला की आवाज उतरतो. ती बँकेच्या खिडकीतल्या बाईसारखी सावकाश बोलायला लागते, एकेक शब्द सुटा करून, जणू समोरच्याला ऐकू कमी येतं. "मला. एकदा. परत. सांग." हे चार शब्द ऐकून फर्स्ट इयरची पोरं न सांगता खुर्च्या सरळ करतात.

ती राहते किसननगरला. वडील रतन, मूळचे जुन्नरकडचे, एका वर्कशॉपमध्ये माल तपासायला आहेत. समोर पितळी पार्टांचा ढीग आणि हातात गो-नोगो गेज, म्हणजे दोन टोकांची पोलादी कांडी. तिचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. पहिलं अडलं तर माल बाद, दुसरं शिरलं तरी बाद. सुपरवायझर येऊन म्हणतो, "रतनभाऊ, जरा सांभाळून घ्या, टेम्पो उभाय." रतनभाऊ मान वर करत नाहीत. "गेजला टेम्पो दिसत नाही साहेब." हे वाक्य कृतिकाने जेवताना इतक्यांदा ऐकलंय, की वडील नुसते "गेजला" म्हणाले तरी ती पुढची पोळी मागते.

दुसऱ्या वर्षाला तिघांनी मिळून एक फिल्म केली. दिग्दर्शन विनीतचं, कॅमेरा हितेशचा, आवाज आणि एडिटिंग कृतिकाचं. फिल्मचं नाव 'अठराव्या मजल्यावरचं मीठ'. त्यातली बाई म्हणजे विनीतची सख्खी आजी, तुळसा. तिची अख्खी उमेदीची वर्षं मिठागरात गेली. मग जमीन गेली, टॉवर आला आणि आजीला अठरावा मजला मिळाला. वर जाताना ती शेवटच्या वर्षाच्या मिठाचं एक पोतं घेऊन गेली आणि ते बाल्कनीत ठेवलं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं आणि ते सतराव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साड्यांवर ठिबकायला लागलं. सोसायटीची नोटीस आली. आजीने ती वाचून घेतली आणि म्हणाली, "मना कनाला सांगता? त्या मिठाला वाचून दावा." तेरा मिनिटांच्या फिल्ममध्ये एवढंच आहे. शेवटी पोतं जागचं हलत नाही, आजी त्याच्याखाली एक पातेलं सरकवते.

या शूटिंगमध्ये हितेशने एक पराक्रम केला होता, तो लक्षात ठेवा. एका सकाळी लेन्सचं झाकण न काढता आणि फोनमधून डोकं न काढता त्याने चार मिनिटं शूट केलं. आजी बिचारी त्या झाकणाकडे बघून मिठागराचे बांध कसे घालतात ते समजावत होती.

फिल्म तयार झाली तशी कृतिका लॅपटॉप घेऊन अठराव्या मजल्यावर गेली. आजीने पडद्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

"येवढ्याशा डब्यात दावतेस गो? मी काय डब्यातली हाय?"

"मग कशात बघणार आजी?"

"मोठ्या परद्यावं. मानसां बसलेली पायजेत. आनि आपली नको. आपली मानसां चहा पिऊन वा वा करतील. ज्यांना मी ठावूकच नाय, अशी मानसां आन. तवा बघीन."

"आणते."

"बोलतेस तं खरी."

त्या "बोलतेस तं खरी"ने कृतिकाचं पुढचं वर्ष खाल्लं. कारण अनोळखी माणसं, मोठा पडदा आणि आजीला तिथपर्यंत नेणं, हे तिन्ही एकत्र मिळायची जागा एकच, फिल्म फेस्टिव्हल. आणि फिल्म कुठल्या फेस्टिव्हलला पाठवायची हे ठरवायचं काम ग्रुपमध्ये कोणालाच नको होतं. विनीत म्हणाला, "मी क्रिएटिव्ह माणूस आहे यार." हितेश म्हणाला, "मैं तो कॅमेरावाला हूँ." उरली कृतिका.

फिल्म पाठवायचं पोर्टल उघडलं की जगातले हजारो महोत्सव भाजीबाजारासारखे एकदम ओरडायला लागतात. आज शेवटची तारीख! विद्यार्थ्यांना सवलत! दर महिन्याला निकाल! कृतिकाने एकशेबारा नावं वहीत उतरवली आणि प्रत्येकाला दोन टोकं लावली. एक, खराखुरा हॉल आणि खरीखुरी माणसं असलीच पाहिजेत. दोन, फी भरेल त्या प्रत्येकाला तिथे बक्षीस मिळता कामा नये. वेबसाइटवर काय लिहिलंय ते ती वाचायचीच नाही. आदल्या वर्षी ज्यांची फिल्म लागली होती त्या पोरांना शोधून फोन लावायची आणि तीन प्रश्न विचारायची. हॉल होता का? माणसं किती होती? कोणी काही विचारलं का?

इंदूरचा एक मुलगा म्हणाला, "हॉल? नहीं नहीं दीदी, लिंक आया था. सर्टिफिकेट बहुत सुंदर था लेकिन." एकीने सांगितलं, ट्रॉफी हवी असेल तर तिचे वेगळे भरावे लागतात आणि कुरिअरचे आणखी वेगळे. नागपूरचा एक जण तर खुशीत होता, "हॉल होता ना वो! मोठा हॉल होता. मी होतो अन् माही मावशी होती." एका युरोपियन महोत्सवाच्या पत्त्यावर नकाशात एक लाँड्री निघाली. आणि त्या लाँड्रीच्या पत्त्यावर आणखी सहा महोत्सव राहत होते. सहाही ठिकाणची निवड झाल्याची पत्रं सारखीच, चुकलेल्या स्वल्पविरामासकट.

एकशेबारातले सात उरले. सातांतला पहिला केरळातला, समुद्राकाठच्या एका गावातला. एकच पडदा, चार दिवस, नगरपालिकेचा हॉल. तिथे जाऊन आलेली एक मुलगी फोनवर हसत म्हणाली, "फिल्म संपल्यावर एक मच्छीमार उठला आणि माझ्याशी भांडला. तुझ्या फिल्ममध्ये होडी उलट्या बाजूने का ढकलतात, म्हणून." कृतिकाने फोन ठेवला आणि वहीत त्या नावाखाली दोन रेघा मारल्या. शिवाय निवड झाली तर फिल्ममधल्या माणसालाही ते बोलवत. नियम कडक होता: स्पर्धेतली फिल्म त्याआधी कुठे दाखवलेली नको आणि इंटरनेटवर तर नकोच नको. नोव्हेंबरात तिने फिल्म तिथे पाठवली, आणि निकाल येईपर्यंत बाकीचे सहा थांबवून ठेवले.

"एकच?" विनीत म्हणाला. "भाई, लोक सत्तर-सत्तर ठिकाणी टाकतात."

"लोकांच्या आजीला मी शब्द दिलेला नाही. फेब्रुवारीपर्यंत तोंड बंद ठेव."

विनीतने तोंड बंद ठेवलं. बोटं ठेवली नाहीत.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी कृतिका आजीला भेटायला निघाली होती. रिक्षा बाळकुम नाक्यावर वळली आणि वर आभाळ दिसायचं तिथे विनीत दिसला. गॉगल, कोट, हाताची घडी. त्याच्याही वर, त्याच्याहून मोठे, त्याचे काका देवराम शेठ, हात जोडून. बाजूने द्राक्षाच्या घडांसारखी पुरस्कारांची सोनेरी पानं, मोजून एकोणीस. मधे अक्षरं: 'बाळकुमची शान! एकोणीस देशांच्या एकोणीस पुरस्कारांनी सन्मानित! युवा दिग्दर्शक चि. विनीत यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन!' खाली डाव्या कोपऱ्यात कॉलेजच्या ओळखपत्रावरून कापलेली कृतिका, डोळे अर्धे मिटलेले. तुळसा आजी कुठेच नव्हती. फोटो नाही, नाव नाही, मिठाचा म नाही.

तिने रिक्षा थांबवली आणि फोन लावला.

"विनीत. बॅनर. काय आहे?"

"अगं सरप्राइज होतं यार! काकाने केलं. तुझा पण टाकलाय, बघितलास?"

"एकोणीस. कुठून. आले?"

"एकतीस ठिकाणी टाकलेली, त्यातले एकोणीस लागले. स्ट्राइक रेट बघ ना! तू वर्षभर नुसते फोन करत बसलीस. मी एका दुपारी केलं."

"केरळचा नियम वाचलेलास?"

"अगं ते काय चेक करतात थोडी."

केरळवाल्यांनी चेक केलं. तिसऱ्याच दिवशी मेल आली: तुमची फिल्म अंतिम यादीत होती, परंतु ती एका पुरस्काराच्या यूट्यूब चॅनलवर दिसते आहे, दहा दिवसांत खुलासा करावा. कृतिकाने चॅनल उघडलं. एकोणीसमधल्या एका महोत्सवाने 'विजेता' म्हणून फिल्म परस्पर चढवली होती. सेहेचाळीस जणांनी बघितलेली. खाली एकच प्रतिक्रिया, देवराम शेठ यांची: 'खूपच छान', आणि पाच जोडलेले हात.

मोठा पडदा सांगितला होता. झाला तो डब्याहून लहान. फोनच्या काचेएवढा.

ती आधी कॉलेजात गेली, कारण एकोणीसही सर्टिफिकेटं तिथे सूचनाफलकावर लागली होती, रंगीत, लॅमिनेशन करून. विभागाच्या मंदाकिनी मॅडमनी ती स्वतः लावली होती. मॅडम पुण्याच्या. रागावतानासुद्धा ताटाभोवती रांगोळी काढल्यासारखं बोलतात.

"हे बघ बाळ, तुझी तळमळ मला कळते. पण पुढच्या पंधरवड्यात कॉलेज तपासायला समिती यायचीये. त्यांना असं काही दिसलं तर बरं असतं गं. तेवढं होऊन जाऊ दे, मग आपण निवांत काढू."

"मॅडम, हे विकत मिळतात."

"विकत कसे? प्रवेशशुल्क असतंच की सगळीकडे."

"मग तसं लिहून द्या. 'पंधरा. दिवस. खोटं. चालेल.' खाली सही करा. मी तेही लॅमिनेट करून आणते."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. म्हणाल्या, "हे बोलणं बरोबर नाही हं." सर्टिफिकेटं फलकावरच राहिली.

तिथून ती माजिवड्याला, देवराम शेठच्या ऑफिसात. सोबत ओढून आणलेला विनीत. ऑफिस म्हणजे एसी, काचेचं टेबल आणि तीन भिंतींवर ट्रॉफ्याच ट्रॉफ्या. शेठ दर वर्षी बॉक्स क्रिकेटची टुर्नामेंट भरवतात, त्यातल्या उरलेल्या. शेठ माणूस वाईट नाही. पोरांना बघितलं की त्यांचा हात आपोआप थंड्याच्या बाटलीकडे जातो.

"ये गो पोरी. बस. बॅनर बघितलास का? डोले मिटलेत तुझे, त्यो पोऱ्या फोटो चांगला देईच ना."

"काका, बॅनर उतरवा."

"कनाला?"

"ते पुरस्कार खोटे आहेत. फी भरली की मिळतात."

शेठनी भिंतीकडे हात केला. "ह्यो बघ. माजे टुर्नामेंटला पन फी हाय. हरला त्याला पन ट्रॉफी देतो. बेस्ट फिल्डर, बेस्ट कॅच, कायच नाय जमला तं बेस्ट शिस्त. पोरां खूश, आईबाप खूश. यात खोटा काय?"

"तुम्ही मॅच बघता काका. यांनी फिल्म बघितलेली नाही."

"नाय कशी? परीक्षकांनी लिवलाय ना, 'हृदयस्पर्शी'."

"एकोणीस जणांनी 'हृदयस्पर्शी'च लिहिलंय. एकाने पण मीठ लिहिलेलं नाही. आजीचं नाव नाही. तुमच्या बॅनरवर पण नाही. ती तुमची आई आहे ना?"

शेठच्या हातातली थंड्याची बाटली टेबलावर आपटली. "आवाज खाली कर."

तिचा आवाज आधीच इतका खाली होता की एसीचा जास्त ऐकू येत होता. विनीत मधे पडायला गेला, "काका, ती जरा टेन्शनमधे..." "तू गप," दोघंही एकदम म्हणाले.

"तुज्या म्हनन्यानं मी गावात तोंड कालं करू?" शेठ म्हणाले. "दाव मना. न बघता देतात त्ये दाव. दावलास तं मी सोता बॅनर उतरवीन. नाय दावलास तं तू नाक्यावं येऊन फोटो काढशील, बॅनरखाली उभी राहून. डोले उघडे ठेवून."

"कबूल."

कृतिकाने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि हितेशचा तो पराक्रम उघडला. चार मिनिटं, ठार काळं. आवाज तिने पुसून टाकला, कारण आजीचा आवाज त्या लोकांच्या हातात द्यायचा नव्हता. नाव दिलं 'झाकण'. एकोणीसमधला एक महोत्सव निवडला, तोच यूट्यूबवाला. फी तिने आपल्या खिशातली भरली आणि बटण विनीतला दाबायला लावलं. "दिग्दर्शक तूच ना."

सात दिवस गेले. केरळच्या खुलाशाचे दिवस इकडे संपत आले होते. घरी रतनभाऊ जेवताना नुसते "गेजला" म्हणाले, आणि कृतिकाने पहिल्यांदाच पोळी न मागता ताट सारलं.

आठव्या दिवशी सकाळी निकाल आला. विनीतनेच फोनवर वाचून दाखवला, आणि त्याच्या आवाजातला गॉगल पहिल्यांदाच उतरलेला होता. 'झाकण' या चित्रपटास सर्वोत्कृष्ट छायालेखनाचा पुरस्कार. परीक्षकांचा अभिप्राय: प्रकाशाचा धाडसी वापर. हृदयस्पर्शी.

माजिवड्याच्या ऑफिसात शेठनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. मग 'झाकण' लावायला सांगितलं. चार मिनिटं तिघंजण काळ्या पडद्यासमोर बसून राहिले, आणि त्या काळ्या काचेत शेठना तिघांचीच तोंडं दिसत होती. संपल्यावर ते आपल्या ट्रॉफ्यांकडे वळले.

"मी ट्रॉफी देतो," ते म्हणाले, "तवा पोर निदान खेललेला असतो."

मग उठले. "शिडी कुनाकरं हाय रे?"

तर बाळकुम नाक्यावर त्या दिवशी काय झालं ते असं. शिडीवर कृतिका चढली, कारण शेठचे गुडघे गेलेत आणि विनीतला उंची सहन होत नाही. तिच्या हातात वडिलांचा कटर होता. बॅनरच्या कडेचे प्लॅस्टिकचे पट्टे तिने एकेक करून कापले. आणि खाली दोन्ही हातांनी शिडी धरून, मान वर करून, "जपून गो पोरी, डावा पाय, डावा," असं ओरडत उभे होते ते खुद्द देवराम शेठ. पानवाल्याला हे कसं दिसलं नाही, देव जाणे. विनीतने सवयीने फोन काढला. वरून आवाज आला, "खिशात." खालून आवाज आला, "खिशात." बॅनर खाली आला तेव्हा शेठनी आपल्याच जोडलेल्या हातांवर पाय पडू नये म्हणून तो नीट घडी केला आणि कृतिकाला दिला. "ने. बापाला दे, स्कूटरवर टाकायला. फ्लेक्स चांगला हाय, चार पावसाले जाईल."

एकोणीस महोत्सवांना मेल विनीतने लिहिली, काका मागे उभे. "लिव. आमाला नको. माफ करा कनाला लिवतोस? माफी त्यांनी मागायची." सगळ्यांत जास्त वेळ यूट्यूबवरून फिल्म उतरवून घ्यायला लागला, आणि ते काम कृतिकाने कसं केलं असेल ते तिला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. तिने त्या चॅनलवाल्याला फोन लावला आणि सावकाश बोलली. सूचनाफलकावरची सर्टिफिकेटं मात्र समिती येऊन जाईपर्यंत तिथेच होती. समितीने त्यांच्यासमोर उभं राहून फोटोही काढला. कृतिका ते विसरलेली नाही. मंदाकिनी मॅडमचा तास असला की ती पहिल्या बाकावर बसते आणि एकही शब्द बोलत नाही.

राहिला केरळचा खुलासा. शेवटच्या दिवशी तिने सगळं लिहून टाकलं. कोणावर ढकललं नाही, रडगाणं गायलं नाही. ही फिल्म इंटरनेटवर होती, तेवीस दिवस. आमच्याच ग्रुपकडून गेली. नियम मोडलाय, स्पर्धेतून काढा, ते बरोबर आहे. पण आमच्या आजीने अजून फिल्म बघितलेली नाही, ती अनोळखी माणसांत बसूनच बघणार म्हणते. तुमच्याकडे एखादी रिकामी दुपार आहे का? सोबत तिने 'झाकण'ला मिळालेलं सर्टिफिकेटही जोडलं. का, ते तिलाच माहीत. बहुतेक रागाने.

"कोणी उत्तर पण देणार नाही," असं तिला कँटीनमध्ये स्पष्ट सांगितलं ते मी, तिच्या सावकाश बोलण्याची नक्कल करून पोरांना हसवणारा तिच्याच वर्गातला. आणि वर पैज लावली.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. स्पर्धेतून बाद. पण महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता हॉल रिकामा आहे. आजींना घेऊन या. आणि खाली आणखी एक ओळ: सर्टिफिकेट आम्ही ऑफिसात भिंतीला लावलंय.

मार्चमध्ये कृतिका आणि तुळसा आजी दोघीच गेल्या. शेठ म्हणाले, मी येतो. आजी म्हणाली, "तू आपला मानूस. तू नको." हॉलमध्ये दीडशे माणसं होती, बरीचशी मासळी बाजारातून थेट आलेली, टोपल्या दाराशी ठेवून. पंखे खडखडत होते. तेरा मिनिटं आजीने पदराचं टोक सोडलं नाही. फिल्म संपली आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून मल्याळीत काहीतरी बोलली. आयोजकांतल्या एकीने हिंदीत सांगितलं, "पूछ रही हैं, वो बोरा अभी भी है क्या?"

आजीने कनवटीला खोचलेली पुडी सोडली आणि म्हातारीच्या हातावर चिमूटभर मीठ ठेवलं. तिने चाखलं. डोळे मिटून विचार केला. मग काहीतरी बोलली आणि सगळा हॉल हसला.

"क्या बोली?" कृतिकाने विचारलं.

"बोल रही हैं, उनके मायके का नमक इससे अच्छा था."

आजी ताडकन उठली. "हिला सांग गो, पावसाचा पानी लागलाय त्याला! ताजा असता ना, तं जीभ चावली असतीस!"

आणि पुढचा अर्धा तास दोन म्हाताऱ्या, दोन भाषांत, मिठावरून भांडल्या. कोणीही चहा पिऊन वा वा केलं नाही.

पैज अशी होती, की उत्तर आलं तर मी वर्षभर कृतिकाची नक्कल करायची नाही, कॉलेजात नाही, कँटीनमध्ये नाही, तिच्या पाठीमागेही नाही. हरलो. वर्ष संपायला अजून नऊ महिने आहेत. लिहायचं नाही, असं मात्र पैजेत कोणी म्हटलं नव्हतं.